मधला माणूस



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ धुळ्यातली ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं. म्हणून मीही प्रश्नानेच सुरुवात करते. आपल्या परंपरेतलं सगळ्यांत प्रसिद्ध अंध जोडपं कोणतं?

श्रावणबाळाचे आईवडील. शाळेच्या पुस्तकापासून ते आपल्या ओळखीचे आहेत. म्हाताऱ्यांच्या सरकारी निवृत्तीवेतनालाही त्यांच्या मुलाचंच नाव आहे. पण त्या दोघांनी एकमेकांवर प्रेम केलं असेल, असं आपल्यापैकी कुणाच्या कधी मनात आलं? दोघांनाही दिसत नव्हतं म्हणतात. तरी संसार झाला, मूल झालं, आणि मूल एवढं गुणाचं निघालं. ते वाढवलं कुणी? रांगत्या श्रावणाला चुलीपासून दूर कुणी ठेवलं? त्याला ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर हात कुणाचा होता? आपण ऐकलेली कथा यातलं काही सांगत नाही. कथेत ते येतात तेच मुळी थकलेले, कावडीत बसलेले. एका पारड्यात आई, दुसऱ्यात बाप, आणि मध्ये मुलगा. त्या दोघांचं आपसात काय बोलणं होत असेल, हे विचारायचं आपल्याला सुचलंच नाही.

दुसरं जोडपं धृतराष्ट्र आणि गांधारी. तिने डोळ्यांना पट्टी बांधली आणि आपण तिला पतिव्रतांच्या पंगतीत बसवलं. पण पट्टी बांधण्याआधी तिने त्याला विचारलं होतं? त्याला हवी होती ती पट्टी? इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये गांधारीवर लिहिताना या नवरा-बायकोला अखेर वनात एकमेकांशी बोलतं केलं. सगळं संपून गेल्यावर, राज्य नाही, मुलं नाहीत, अशा वेळी. मला तो लेख फार मोलाचा वाटतो. त्यागाचं कौतुक बाजूला ठेवून इरावतीबाईंनी त्या दोघांना संवाद दिला.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. दोन दिव्यांग माणसांचं प्रेम अडतं ते डोळे, कान किंवा पाय नसल्यामुळे नव्हे. ते अडतं मध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसापाशी. तो माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. आई असते, भाऊ असतो, कंडक्टर असतो, साहेब असतो. पण तो मध्ये असतो.

आधी हे बघू, की दोघं एकमेकांशी बोलतात कसं. कारण लोकांच्या मनातली पहिली शंका हीच असते. दोघंही मूकबधिर, मग घरात बोलत काय असतील?

मंडळी, भरपूर बोलतात. सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला तिचं व्याकरण आहे, आणि त्यातलं निम्मं चेहऱ्यावर असतं. भुवई वर गेली की वाक्याचा प्रश्न होतो. तोच हात, तीच खूण, पण चेहरा बदलला की ‘थोडं’चं ‘फार’ होतं. अशा घरात हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करतात, नाहीतर जमिनीवर पाय आपटतात. लाकडी माडी असेल तर हादरा पलीकडच्या खोलीपर्यंत जातो. आणि भांडण? भांडण तर बघण्यासारखं असतं. हात झपाझप चालतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, आणि सगळ्यांत मोठा अपमान कोणता, तर समोरचा बोलत असताना डोळे मिटून घेणं. आपण रागात दार आपटतो. तिथे पापण्या मिटल्या की दार लागलं. मग समजूत काढायची तर आधी खांद्याला हात लावावा लागतो. स्पर्शाशिवाय बोलणं पुन्हा सुरूच होत नाही. मला सांगा, ऐकू येणाऱ्या किती जोडप्यांत समेटाची सुरुवात स्पर्शाने होते?

आपल्याकडे भारनियमन काही नवं नाही. रात्री वीज गेली की आपण अंधारात गप्पा मारत पडतो. मूकबधिर जोडप्याचं बोलणं तिथेच तुटायला हवं. पण तुटत नाही. तो तिचा हात हातात घेतो, तिच्या तळहातावर खुणा करतो, आणि ती त्या स्पर्शाने वाचते. शेजाऱ्यांना वाटतं, घर झोपलं.

तुमच्यापैकी अनेकांनी गुलजार यांचा ‘कोशिश’ पाहिला असेल. 1972 सालचा. संजीव कुमार आणि जया भादुरी हे त्यातलं मूकबधिर जोडपं. त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. ते बाळासमोर खुळखुळा वाजवतात. बाळ मान वळवत नाही. आईबापांच्या पोटात धस्स होतं: यालाही ऐकू येत नाही! धावतपळत डॉक्टरांकडे जातात. आणि मग कळतं की खुळखुळ्यात आवाज करणारे दाणेच नाहीत. बाळाला चांगलं ऐकू येतं. खेळणंच मुकं होतं. आईबापांना ते कळायला मार्ग नव्हता. या प्रसंगाला मी दुःखाचा प्रसंग म्हणत नाही. ऐकू न येणाऱ्या दोघांनी मुलाचं ऐकणं तपासायचा उपाय स्वतः शोधला, ही त्यातली मोठी गोष्ट आहे. खऱ्या घरांतही असे उपाय सापडतात. बाळाच्या पायाला सैल दोरा बांधून त्याचं दुसरं टोक आपल्या मनगटाला, म्हणजे रात्री बाळ हललं की आई जागी.

अंध जोडप्याच्या घरात बोलणं आवाजाने होतं, हे तर उघडच आहे. पण निम्मं बोलणं वस्तूंच्या जागांनी होतं, हे बाहेरच्याला कळत नाही. मिठाचा डबा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्याला रबर. साखरेच्या डब्याला रबर नाही. तिची काठी दारामागे, त्याची खिडकीखाली. हे दोघांचं ठरलेलं असतं, आणि ठरलेलं पाळणं हीच तिथली माया. मग गावाहून कुणीतरी प्रेमाची बाई येते. बिचाऱ्यांना दिसत नाही म्हणून सगळं स्वयंपाकघर लखलखीत आवरून जाते. डबे उंचीप्रमाणे लावते. पुढचे चार दिवस त्या घरात मीठ सापडत नाही. मधला माणूस म्हणते मी, तो असा असतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. फक्त त्याने विचारलेलं नसतं.

आणि मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचं बोलणं अस्पष्ट आहे, त्याच्या बायकोला आपण काय विचारतो? “काय म्हणताहेत ते?” तो समोर बसलेला असतो. तिला कळतं, आपल्याला कळत नाही, तर त्यालाच आणखी एकदा सांगा म्हणावं आणि थांबावं. थांबायला आपल्याला जड जातं.

एसटीत रोज हेच. दिव्यांगाला तिकिटात 75 टक्के सवलत आहे, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही 50 टक्के. चांगली सोय आहे. पण कंडक्टर सोबत्याला विचारतो, “यांना कुठं जायचंय?” हा प्रश्न जन्मभर ऐकलेल्या माणसाला लग्नाच्या बाबतीत कोण विचारणार, की तुला कुठं जायचंय?

आता थोडं दूरचं सांगते, कारण मध्ये उभं राहणारा माणूस कधी कधी फार मोठा असतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनवाले. त्यांच्या आईला ऐकू येत नव्हतं. पत्नी मेबल पाचव्या वर्षी आजारात बहिरी झालेली. 1877 साली दोघांचं लग्न झालं, आणि तो संसार प्रेमाचा होता याबद्दल शंका नाही. याच माणसाने 1883 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांपुढे निबंध वाचला, की बहिरी माणसं बहिऱ्यांशीच लग्नं करत राहिली तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल. कायद्याने बंदी घालावी का, याचाही त्यांनी विचार केला. ते चालणार नाही असं त्यांचंच मत पडलं. मग उपाय काय? बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळा नकोत, सांकेतिक भाषा नको, बहिरे शिक्षक नकोत. म्हणजे मुलांनी एकमेकांना भेटूच नये, भेटली तर बोलू नये. प्रेम थांबवायचं तर भाषा थांबवा, हे त्यांना बरोबर कळलं होतं!

त्याआधी तीनच वर्षं, 1880 साली, इटलीत मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करायचा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला 2010 साली, व्हँकुव्हरच्या परिषदेत. 130 वर्षांनी. मधल्या काळात जगभरच्या शाळांत मुलांचे हात पाठीमागे बांधले गेले, हातांवर छड्या पडल्या. आपल्या देशातल्या शाळांनीही बराच काळ तोंडी बोलण्याचाच आग्रह धरला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था दिल्लीत उभी राहिली ती 2015 मध्ये.

आणि बेल यांच्या भीतीचं काय झालं? एडवर्ड ॲलन फे नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या बहिऱ्या माणसांच्या साडेचार हजारांच्या आसपास विवाहांची माहिती गोळा केली आणि 1898 साली पुस्तक छापलं. बहुतेक जोडप्यांची मुलं ऐकू येणारी निघाली. पण भीती पुस्तकाने जात नाही. आजही धुळ्यात किंवा जळगावात दोन मूकबधिर तरुणांचं लग्न ठरवायचं म्हटलं की पहिला आवाज उठतो, “पोरंही तशीच झाली तर?”

हेलन केलर यांचं नाव तुम्हाला नवीन नाही. दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. 1955 साली त्या भारतातही आल्या होत्या. त्यांच्या धैर्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. मग ही का सांगत नाही? 1916 साली, छत्तिसाव्या वर्षी, त्यांचं एका माणसावर प्रेम बसलं. पीटर फेगन. काही दिवसांसाठी चिटणीस म्हणून आलेला. त्यांच्या तळहातावर बोटांनी अक्षरं काढत बोलायला तो शिकला होता. दोघांनी लग्नाचा परवाना मागितला, वर्तमानपत्रात बातमी फुटली, आणि घरच्यांनी ते लग्न होऊ दिलं नाही. जगभर भाषणं देणाऱ्या, पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला घरच्यांनी सांगितलं, तुला यातलं कळत नाही. तेव्हा आपल्या गावातल्या, सातवी शिकलेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या मुलीचं कोण ऐकणार?

केलरबाईंच्या या गोष्टीत एक मुद्दा दडलेला आहे, तो एकांताचा. प्रेमाला एकांत लागतो. तुम्ही-आम्ही चिठ्ठी लिहिली, उशाखाली ठेवली. पण अंध मुलीला तिच्या प्रियकराने पत्र लिहिलं तर ते वाचून कोण दाखवणार? भाऊ? वहिनी? पत्रातलं कोणतं वाक्य वहिनी गाळेल आणि कोणतं दहा जणांना सांगेल? ब्रेलचं मोठेपण आपण शिक्षणाच्या अंगाने सांगतो. मला त्याचं मोठेपण इथे दिसतं. सहा ठिपक्यांची ती लिपी म्हणजे मध्ये कुणी नको असलेलं पत्र. 1951 नंतर भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल आली, तेव्हा मराठीतल्या अंध मुलामुलींच्या हाती पाठ्यपुस्तकाबरोबर प्रेमपत्रही आलं. मग फोन आले. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आली, मराठीही वाचू लागली. कानात इअरफोन घातला की तो संदेश फक्त तिचा. आणि 2016 पासून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला, तेव्हा साक्रीच्या मूकबधिर मुलाला पाचोऱ्याच्या मुलीशी रात्री दहा वाजता गच्चीवर बसून मनसोक्त बोलता येऊ लागलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, हा पोरगा वारा कापतोय.

आता लग्नाकडे येते. खान्देशात आखाजीच्या सणाचं महत्त्व मी तुम्हाला सांगायला नको. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. कधी लक्ष देऊन बघा, त्या घरात एक बहीण असते, जी कुठून आलेली नसते, कारण ती कुठे गेलेलीच नसते. पोलिओने पाय गेलेला, किंवा ऐकू येत नाही. माहेरी यायला आधी सासर लागतं. ती सगळ्यांसाठी पुरणपोळ्या लाटते, भाच्यांना झोका देते. घरचे तिच्यावर जीव टाकतात, खोटं नाही. पण “हिचं लग्न” हा विषय त्या घरात निघत नाही, निघाला तर हलक्या आवाजात आणि ती नसताना. आणि एखादं स्थळ आलंच, तेही दिव्यांगाचं, तर ठरलेला प्रश्न: “दोघंही असे, मग यांचं करणार कोण?”

या प्रश्नाला माझं उत्तर आहे. ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येतं, जिला चालता येत नाही तिचे हात चालतात, आणि दोघांना मिळून जे जमत नाही त्यासाठी शेजारी, रिक्षावाला, मोलकरीण, फोन आहेत, जसे तुमच्या-माझ्या घरात आहेत. धडधाकट जोडपी सगळं एकट्याने करतात काय?

सरकारनेही बराच काळ याच नजरेने पाहिलं. आपल्या राज्याने 2014 साली दिव्यांगांच्या विवाहाला प्रोत्साहन म्हणून 50,000 रुपयांची योजना सुरू केली. स्वागतच आहे. पण योजना आली तेव्हा अट काय होती? एक जण किमान 40 टक्के दिव्यांग आणि दुसरा अव्यंग. म्हणजे धडधाकट माणसाने ‘स्वीकारलं’ तर बक्षीस. दोन दिव्यांगांनी एकमेकांना निवडलं तर त्या यादीत ते नव्हतेच. गांधारीचा सत्कार करायची आपली सवय ही अशी शासन निर्णयात उतरते.

कायदा मात्र हळूहळू शहाणा होत आला आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. औषधांनी तो रोग बरा होऊ लागून दशकं लोटली, आनंदवनात बरे झालेल्यांचे संसार उभे राहिले, तरी ते कलम 2019 पर्यंत राहिलं. त्या वर्षी ते काढलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं मानली गेली, हे सगळे सांगतात. मला त्यातलं तेरावं कलम महत्त्वाचं वाटतं. त्याचा मथितार्थ असा, की दिव्यांगाला आधार देणाऱ्या माणसाने त्याच्यावर गैरवाजवी दबाव आणू नये. त्याची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा. प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवावं असं हे कलम आहे.

निर्णय स्वतः घ्यायची सवय लागते कुठे? घराबाहेर. म्हणून जळगावचं काम मला फार मोलाचं वाटतं. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग तरुण-तरुणी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रांजल पाटील तुम्हाला ठाऊक आहेत. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 773 वा क्रमांक आला, तरी पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेच्या सेवेत घेतलं नाही. पुढच्याच परीक्षेत त्यांनी 124 वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या. आपण टाळ्या अधिकारी झाल्याबद्दल वाजवतो. माझ्या मते त्याहून मोठा बदल ‘मनोबल’सारख्या ठिकाणी रोजच्या जगण्यात घडतो. मेसमध्ये आपलं ताट आपण घ्यायचं, पैशांचा हिशेब ठेवायचा, कुणाशी मैत्री करायची हे आपण ठरवायचं. पगार हातात आला की घरच्यांच्या बोलण्याचा सूरही बदलतो. ज्या मुलाला “तुला काय कळतं” म्हणत होते, त्यालाच “तुझं काय मत” विचारतात. लग्नाचा विषयही मग त्याच्यासमोर निघतो.

आणि तरीही शेवटी जिना येतोच. ऑक्टोबर 2023. मुंबई. व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या विराली मोदी यांचं लग्न खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टची सोय नाही. सह्यांसाठी खाली यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला. नवरीला दोन मजले उचलून न्यावं लागलं. लग्नाच्या दिवशी, लग्नाच्या कपड्यांत. त्यांनी जाहीरपणे लिहिलं तेव्हा मंत्र्यांनी माफी मागितली. ज्यांना लिहिता येत नाही, ज्यांचं कुणी वाचत नाही, त्यांचे जिने कुणी मोजले?

आता विशेष विवाह कायद्याचं बारावं कलम काय म्हणतं ते ऐका. कायदा 1954 चा आहे. त्यात म्हटलंय की लग्न अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावता येईल, तसंच वाजवी अंतरावरच्या, वधूवरांना हव्या त्या दुसऱ्या ठिकाणीही लावता येईल. ठरलेल्या अटी पाळून जादा शुल्क भरलं की झालं. म्हणजे अधिकाऱ्याला जिना उतरायला कायद्याची आडकाठी नाही. आणि पुढे म्हटलंय की अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमक्ष दोघांनी एकमेकांना सांगायचं, मी तुझा पत्नी म्हणून स्वीकार करतो, मी तुझा पती म्हणून स्वीकार करते. कोणत्या भाषेत? त्या दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत. बापाने सांगायचं नाही, मामाने सांगायचं नाही. भाषा अधिकाऱ्याला समजणारी हवी, असं तिथे म्हटलेलं नाही.

मूकबधिर जोडपं हे वाक्य हातांनी म्हणेल. दोघांना ते पुरतं समजेल. दुभाष्या लागेल तो टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांना. म्हणून जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत सांकेतिक भाषा जाणणाऱ्या दुभाष्यांची यादी प्रत्येक विवाह नोंदणी कार्यालयात असावी, आणि ज्या कार्यालयात जायला जिना चढावा लागतो तिथल्या अधिकाऱ्याने तळमजल्यावर येऊन लग्न लावावं, अशी मागणी करणारं निवेदन सभागृहाच्या दाराशी ठेवलं आहे. वाचा. पटलं तर सही करा. ज्यांना सही करता येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायला दोन मुली तिथे थांबल्या आहेत. त्यांना मी सांगून ठेवलंय, फक्त वाचून दाखवा, सही करा म्हणू नका.

आता तुमचे प्रश्न घेते.